बळदातल्या तीन वस्तू

ओटावा,
रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही बोलता बोलता म्हणालात, "आई हल्ली पत्त्यांना बसतच नाहीत," आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवलात. तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही. अख्ख्या वाड्याला मेंढीकोट शिकवणारी आपली आई. कुठली मेंढी कुणाच्या हातात दडून बसलीय हे तिला तिसऱ्या हाताला कळायचं, आणि ती बाहेर काढेपर्यंत ती कुणाला उठू द्यायची नाही. मग दादाला खोदून विचारलं. त्याने सांगितलं, की दिवाळीनंतर एकदा झब्बू खेळताना तिने तीनदा विचारलं, "डाव कुणाचा?" तिसऱ्या वेळी चिन्मय हसला. आठ वर्षांचं पोर ते, त्याच्या मनात काही नव्हतं. पण आई "मेथी निवडायचीय" म्हणून उठली ती उठलीच.

म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सोबत एक पुडकं पाठवतेय. मैत्रिणीचे आईवडील वीस तारखेला पुण्याला पोचतील, ते दादाला फोन करतील.

पुडक्यात एक खेळ आहे. तो मूळचा इथलाच. आमच्यापासून गाडीने साधारण तासाभरावर पर्थ नावाचं छोटं गाव आहे. तिथे जिम आणि रूथ डीकोव्ह या नवराबायकोने आपल्या मुलींसाठी असे खेळ करायला सुरुवात केली, ज्यांत कुणी कुणाला हरवत नाही, सगळे मिळून जिंकतात नाहीतर सगळे मिळून हरतात. त्यातूनच १९७२ मध्ये 'फॅमिली पास्टाइम्स' ही त्यांची कंपनी उभी राहिली. त्यांचा 'द सीक्रेट डोअर' हा खेळ १९९१ चा. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्याची जुनी पेटी डिसेंबरात आम्हाला खेळायला दिली. बाहेर उणे वीस, संध्याकाळी साडेचारलाच अंधार, आणि ईशान घरात कोंडलेला. अशा दिवसांत त्या पेटीने आमचं घर हसतं ठेवलं.

गोष्ट अशी. एका जुन्या मोठ्या घरात चोर शिरलेत. त्यांनी काही मौल्यवान वस्तू एका गुप्त दाराआड दडवल्यात. रात्रीचे बारा वाजायच्या आत त्या कोणत्या हे घरच्यांनी ओळखायचं. दार उघडून बघायचं नाही. घरात उरलेल्या वस्तूंच्या जोड्या लावत जायचं, आणि काय नाहीसं झालंय ते त्यावरून ताडायचं.

पहिल्यांदा खेळले तेव्हाच मला आपलं धान्य साठवायचं बळद आठवलं. धान्य संपत आलं की दादा आणि मी त्यात उतरायचो, वरून फळी ओढून घ्यायचो, आणि आई माजघरभर हाका मारत फिरायची. त्या काळोखाचा आणि जुन्या ज्वारीचा वास मला इथे स्वयंपाकघरात उभं असताना आला, खरं सांगते. पेटी परत द्यायची होती, म्हणून मग मी आपल्याच घराचा खेळ हाताने केला. दार म्हणजे बळद. वस्तू आपल्या. खेळाचा गाभा त्यांचा, कार्डांचे आकडे मी माझ्या सोयीने ठरवलेत.

पत्त्याएवढी कार्डं आहेत. बारा वस्तू, प्रत्येकीची दोन, म्हणजे चोवीस. शिवाय नऊ कार्डांवर घड्याळ काढलंय. पुठ्ठा जाड घेतलाय आणि पाठी कोऱ्या ठेवल्यात, कारण पातळ कागदावर उजेड पडला की चित्र मागून दिसतं. एखाद्या कार्डाचा कोपरा दुमडला तर ते लगेच दुरुस्त करा किंवा नवीन करा. ओळखू येणारं एक कार्ड अख्खा डाव बिघडवतं.

मांडायचं असं. आधी प्रत्येक वस्तूचं एकेक कार्ड बाजूला काढून बारा कार्डांचा गठ्ठा करा. तो पिसा, आणि न बघता त्यातली तीन कार्डं उचलून बळदात टाका. मी जुन्या पाकिटाचं बळद केलंय, तुम्ही एखादा झाकणाचा डबाही घेऊ शकाल, मात्र त्यात कुणी डोकवायचं नाही. उरलेली नऊ, दुसऱ्या संचातली बारा आणि घड्याळाची नऊ अशी तीस कार्डं एकत्र पिसून पालथी मांडा, सहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच. ओळी सरळ ठेवा. कार्डं वेडीवाकडी पसरली की जागा लक्षात राहत नाहीत.

आपली पाळी आली की दोन कार्डं उलटायची, सगळ्यांना दिसतील अशी. जोडी जमली तर ती उचलून ठेवायची, ती वस्तू सुखरूप सापडली. नाही जमली तर दोन्ही होती तिथेच पालथी. घड्याळ निघालं तर ते कार्ड उचलायचं आणि एक तास पुढे मोजायचा. खेळ दुपारी तीनला सुरू होतो, म्हणजे नववं घड्याळ निघालं की बारा वाजले. त्या क्षणी उलटणं थांबतं. सगळ्यांनी मिळून बळदात कोणत्या तीन वस्तू असतील ते ठरवायचं, मोठ्याने सांगायचं, मगच पाकीट उघडायचं.

सोबत बारा वस्तूंचा एक तक्ताही आहे. तो मध्ये ठेवा. जोडी सापडली की तक्त्यातल्या त्या चित्रावर चिंचोका ठेवायचा. मूळ पेटीत असं काही नव्हतं, हे मी आईसाठी घातलंय. काय सापडलंय आणि काय नाही हे मग कुणालाच डोक्यात धरून बसावं लागत नाही, तक्त्याकडे बघितलं की झालं. चिंचोका नसलेल्या वस्तू म्हणजे संशयित.

यातलं गणित मला फार आवडतं, चिन्मयलाही आवडेल. एकही जोडी न लावता नुसता अंदाज करायचा तर बारातून तीन निवडण्याचे २२० प्रकार. सहा जोड्या लागल्या की उरतात वीस. आठ लागल्या की फक्त चार. आणि नऊच्या नऊ लागल्या तर अंदाजाचा प्रश्नच नाही, उरलेल्या तीन वस्तू बळदात असणारच. म्हणजे प्रत्येक जोडीने काळोख थोडा कमी होतो.

पण खरी मजा जोडीत नाही. ती आम्हाला चौथ्या-पाचव्या डावात कळली, आणि कळली ती सहा वर्षांच्या ईशानला. अडकित्त्याचं कार्ड तिसऱ्यांदा निघालं. मी ते पालथं घालणार तेवढ्यात त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आई, थांब. हा सारखा सारखा निघतो, आणि ह्याचा जोडीदार कुठेच नाहीये."

"मग?"

तो ओळींकडे बघत राहिला. एकेका कार्डावर बोट टेकवत गेला, इथे समई होती, इथे सहाण, इथे पुन्हा बंब. मग हळूच, जणू चोर ऐकतील अशा आवाजात म्हणाला, "तो त्यांच्याकडे आहे."

मला अगदी भरून आलं. सापडलेल्या गोष्टीवरून ओळखणं सोपं असतं, न सापडलेल्या गोष्टीवरून ओळखायला बसून बघावं लागतं. आईचा मेंढीकोट हाच होता ना? अजून कोणतं पान पडलं नाही, हेच तर ती बघायची.

आता नियमातली एक गोष्ट, जी लिहिण्यासाठीच खरं तर मी बसलेय. या खेळात सगळ्यांनी एकमेकांना सांगायला परवानगी आहे. पण मग होतं काय, की ज्याला सगळ्यात जास्त आठवतं तो "हे उचल, ते उचल" करत सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळून टाकतो. आमच्याकडे ह्यांनी तसं केलं आणि ईशान रुसून पलंगाखाली जाऊन बसला. तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा आहे: विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं की आठवतं तेवढं सगळं सांगायचं. हात मात्र ज्याची पाळी त्याचाच.

वहिनी, या नियमाने खेळाचा सूरच बदलला. विचारणं हीसुद्धा एक चाल झाली. "समई कुणी पाहिली?" असं प्रत्येकजण विचारतो, मीही विचारते, आमचे हेही विचारतात. कुणाला ओळ आठवते, कुणाला फक्त "खिडकीच्या बाजूला" एवढंच आठवतं, आणि दोघांचं मिळून कार्ड सापडतं. अशा खेळात आईने "डाव कुणाचा?" असं दहादा विचारलं तरी ते खेळातलंच बोलणं आहे. म्हणून चिन्मयला आणि रेवाला हा नियम आईसमोर नाही, आधी एकटं घेऊन समजावा. आणि एक विनंती तुम्हा सगळ्यांनाच. "आई, आठवतंय का?" असं तिला विचारू नका. त्याऐवजी तुम्हीच तिला विचारा, "आई, सहाण कुठे होती हो?" तिला आठवलं तर ती सांगेल, नाहीतर "रेवा, तुला माहितीय का गं?" म्हणेल. दोन्हींत तिची जागा तिचीच राहते.

पहिले दोन-तीन डाव घड्याळ दोनला सुरू करा. नऊही घड्याळं निघाली तरी अकराच वाजतात, म्हणजे बारा वाजतच नाहीत आणि सगळे निवांत शिकतात. मग तीनला आणा. मुलं तरबेज झाली की सहाला सुरू करून बघा, तेव्हा सहाव्या घड्याळालाच बारा वाजतात आणि निम्मी कार्डं न बघताच ठरवायची वेळ येऊ शकते. आम्ही सहाच्या डावात अजून दोनदाच जिंकलोय.

हरल्यावर काय होतं हेही सांगते, कारण मला त्याचीच धास्ती होती. पाकीट उघडतं, आपण म्हटलेली बोरमाळ त्यात नसते, पैठणी निघते, आणि सगळे एकदम ओरडतात, "अरे, पैठणी तर एकदाच दिसली होती!" कोण चुकलं हा प्रश्न येत नाही, कारण ठरवलं सगळ्यांनी. ईशानला कॅरममध्ये हरलेलं सहन होत नाही, इथे मात्र तोच आधी कार्डं गोळा करून पिसायला घेतो. तुमच्याकडे रेवा स्ट्रायकर फेकते म्हणालात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जर्मनीत १९८६ साली निघालेला फळबागेचा एक असाच खेळ इथे लहान मुलांच्या घरोघरी दिसतो, त्यात कावळा बागेत पोचायच्या आत सगळ्यांनी मिळून फळं तोडायची. रेवासाठी तोही पुढे कधीतरी करून पाठवीन. पण त्यात आठवणीचं काम नाही, आणि मला आत्ता आईसाठी आठवणीचंच हवं होतं. तिला अजून खूप आठवतं, वहिनी. फक्त डावाच्या घाईत नाही आठवत.

शक्य असेल तर एक करूया. रविवारी रात्री तुमच्याकडे आठ वाजतात तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. तुम्ही माजघरात कार्डं मांडा, फोन वर कशाला तरी टेकवून ठेवा, म्हणजे आम्हाला ओळी दिसतील. आमची पाळी आली की आम्ही "तिसरी ओळ, दुसरं" असं सांगू आणि आईने आमच्या वतीने कार्ड उलटायचं. तिच्या हाताने उलटलेलं मला बघायचंय.

शेवटचं. वस्तू मी लिहून देते, म्हणजे कार्डं मोजून घेता येतील: समई, नथ, बोरमाळ, पैठणी, अडकित्ता, फिरकीचा तांब्या, बंब, मोदकपात्र, सहाण, पानाचा डबा, आणि आजोबांची चांदीच्या मुठीची काठी. या झाल्या अकरा. बाराव्या वस्तूची दोन्ही कार्डं आणि तक्त्यातला शेवटचा चौकोन मी कोरा ठेवलाय. तिथे काय असावं हे आईला विचारा, आणि चिन्मयला ते काढू दे. पेन्सिलने काढू नको म्हणावं, पुसट होतं. पुडक्यात काळं पेन ठेवलंय.

दादाला आणि आईला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची,
मेधा