कॉम्प्युटरवाल्या दादांना पत्र

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. नाव कुठे यायला नको म्हणालात, म्हणून पोरांनी तुम्हाला दिलेलं नावच वर घातलंय.

तुमच्या आधीही आम्हाला संगणक मिळाले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. टेम्पो आला, बॅनर लागला, नारळ फुटला, फोटो निघाले. टेम्पो गेल्यावर जोडून पाहिलं, तर सहापैकी एकच सुरू झाला, तोही संध्याकाळपर्यंत. बाकीचे ते पाठीला कुबड असलेले जुने मॉनिटर. त्यांच्या काचेत शिसं असतं, म्हणून फोडून भंगारात टाकायची सोय नाही. आणि शाळेत एकदा का वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत चढली, की निर्लेखनाची, म्हणजे ती बाद करून नोंदीतून काढायची मंजुरी मिळेपर्यंत तिला हलवता येत नाही. तीन वर्षं आमचा पोषण आहाराचा तांदूळ त्या मॉनिटरांच्या शेजारी राहिला.

त्यामुळे तुमचा पहिला फोन आला तेव्हा मी जरा तुटकच बोलले. माफ करा. पण तुम्ही "किती देऊ?" असं विचारलंच नाहीत. तुम्ही विचारलंत, खोली पावसाळ्यात गळते का, थ्री-पिनचे सॉकेट किती, अर्थिंग आहे का. अर्थिंग नव्हतं. नुसत्या दोन तारांवर संगणक लावला तर पत्र्याच्या डब्याला हात लागताच पोरांना झटका बसेल, असं सांगून तुम्ही आधी ते करून घ्यायला लावलंत. संगणक महिनाभर उशिरा आले, तेव्हा मी मनातून वैतागले होते, हेही कबूल करते.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारा आधार संपला आणि तुमच्या ऑफिसातली ही यंत्रं विंडोज 11 ला चालेनात, म्हणून ती बाद झाली. आम्हाला त्याचं काय सोयरसुतक! तुम्ही जुन्या डिस्क पुसून काढल्यात, त्यांच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या वेगवान डिस्क बसवल्यात, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकलंत, आणि दहा-बारा वर्षांची ही यंत्रं आमच्या ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपच्या आधी उठून बसतात. अकरा आणलेत, आठ चालू केलेत. रजिस्टरला आठच चढवा म्हणालात, आणि उरलेले तीन, शिवाय तीन वर्षांनी एकदाचे निर्लेखित झालेले ते कुबडे, अधिकृत ई-कचरावाल्याकडे द्यायला स्वतःच्या गाडीत घालून नेलेत. देणारा परत नेतो, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशीच्या दोन गोष्टी पोरं अजून सांगतात. एक संगणक दर वेळी 2013 साल दाखवायचा. पाचवीतली एक म्हणाली, "बाई, तेव्हा तर मी नव्हतेच!" तुम्ही आतला बटणासारखा सेल बदललात आणि तो आजच्या तारखेला आला. दुसरी गोष्ट खोडरबराची. बीप वाजवत अडून बसलेल्या यंत्राची रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी, काढून तुम्ही तिच्या सोनेरी कडा एका पोराच्या खोडरबराने घासल्यात, आणि ते सुरू झालं. त्या खोडरबराला सध्या वर्गात मोठा मान आहे.

आता मराठी टायपिंग चालू आहे, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर. वहीत आपण पहिली वेलांटी आधी काढतो, इथे अक्षर आधी आणि वेलांटी मागून. आठवडाभर सगळे अडखळले. मग एकाने 'हिरडा' बरोबर उमटवला, कारण घरी हंगामात तोच वेचायचा असतो, आणि गाडी सुटली. आता पाड्यावरच्या झाडांची यादी होतेय. त्यातली निम्मी नावं मला माहीत नव्हती.

मागच्या सोमवारी पाच नंबरचा संगणक पुन्हा बीप वाजवायला लागला. मी तुम्हाला फोन लावायला व्हरांड्यात गेले, कारण रेंज तिथेच येते. परत आले तर सातवीतल्या दोघींनी झाकण उघडून रॅम हातात घेतली होती. मी ओरडलेच, "अगं, वायर?"

"ती आधीच काढली, बाई."

तुमचा फोन तेवढ्यात वाजला, मी उचलला नाही. मिस्ड कॉल कसला होता असं तुम्ही नंतर विचारलंत, त्याचं हे उत्तर.

तुमची,
जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या शाळेतली बाई