मोठा कॅमेरा दिसला की संशय कशाला?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव शहरात किंवा खानापूर, निपाणी, चिकोडीच्या बाजूला कोणी गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून उभा राहिला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठल्या पेपरचे?’ पेपरचे नाही आणि चॅनलचेही नाही असे कळले, की चौकशीचा सूर बदलतो. मग कोणी पाठवले, फोटो कशाला हवेत, ते कुठे टाकणार, असे एकामागून एक प्रश्न येतात. आणि कॅमेरा मुलीच्या हातात असेल तर ‘सोबत कोण आहे?’ हा आणखी एक. एखादा माणूस केवळ आवडीने किंवा अभ्यासासाठी एवढे ओझे खांद्यावर वागवत असेल, हे कोणाच्या पचनी पडत नाही. त्याच जागी दहा जण मोबाईल उंचावून तेच दृश्य टिपत असतात आणि त्यातले काही ते थेट जगभर दाखवतही असतात, पण त्यांना कोणी हटकत नाही.

कॅमेरा मोठा असतो त्याचे कारण साधे आहे. फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या जातीच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो, मोबाईलमधला त्याच्या मानाने फारच लहान. मोठ्या सेन्सरवर प्रतिमा पाडायची तर भिंगही मोठे लागते. 600 मिलिमीटरची लेन्स पाहून लोकांना वाटते की हा कोणाच्या तरी खिडकीत डोकावतो आहे. वास्तविक खानापूरच्या जंगलातला धनेश पक्षी जवळ जाऊ देत नाही, म्हणून ती लेन्स लागते. लपूनछपून फोटो काढायचा असेल तर दोन किलोची लेन्स घेऊन चौकात कोण उभा राहील? ते काम खिशातल्या मोबाईलने सहज होते आणि तो फोटो इतरांपर्यंत पोहोचायला मिनिटही लागत नाही. संमतीशिवाय स्त्रीचे खासगी क्षण टिपणे हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या कलमात कॅमेऱ्याच्या आकाराचा उल्लेखही नाही.

मात्र सगळाच संशय अज्ञानातून येतो, असे मी म्हणणार नाही. येळ्ळूरच्या शिवारात भाताची लावणी चालू असताना मी बांधावर ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, उभा केला होता. वाकून रोपे लावणाऱ्या बायकांपैकी एक चिखलाने भरलेले हात तसेच धरून सरळ झाली आणि तिने विचारले, ‘सर्वेला आलाय काय?’ तोवर पलीकडच्या बांधावरून शेताचे मालकही झपाझप चालत आले. हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोड यांच्या भूसंपादनाने इथल्या शेतकऱ्याची झोप उडवली आहे. तीन पायांचे यंत्र शेतात दिसले म्हणजे आता जमीन जाणार, ही भीती त्याने अनुभवातून शिकलेली आहे. मी त्यांना आपले गाव आणि नाव सांगितले, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काढलेले फोटो एकेक करून दाखवले, त्यांच्यातल्या एकीने डोक्यावरचे इरले नीट करून आणखी एक काढायला सांगितला, आणि मग काम पुढे चालू झाले. अशा ठिकाणी उत्तर देणे हे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याचेच कर्तव्य आहे, आणि त्याबद्दल त्याने कुरकुर करू नये.

माझी तक्रार आहे ती ज्यांना नियम माहीत असायला हवेत त्यांच्याबद्दल. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट घराण्याच्या राजवटीत, 1204 साली बांधले गेले. त्याच्या मंडपाच्या छतावरचे दगडी कमळ पाहण्यासाठी लोक लांबून येतात. आत उजेड कमी असतो, त्यामुळे पाकळ्यांचे बारकावे टिपायचे तर शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते आणि कॅमेरा स्थिर लागतो. अशा वास्तूंमध्ये नियम काय आहे? केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने जुलै 2018 मध्ये अजिंठा लेणी, लेह राजवाडा आणि ताजमहालातील कबरीची दालने वगळता संरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणाला मोकळीक दिली; ट्रायपॉडसाठी मात्र परवानगी लागते. हा फरक समजण्यासारखा आहे. पण हातात धरलेला कॅमेराही केवळ मोठा दिसतो म्हणून ‘हा आत चालणार नाही, मोबाईलवर काढा’ असे आपल्या भागातल्या एका प्राचीन देवळाच्या दारावर मला ऐकवण्यात आले, तेव्हा तो नियम कुठे लिहिला आहे हे सांगणारे तिथे कोणीच नव्हते.

कॅन्टोन्मेंटमध्ये, मराठा लाइट इन्फंट्रीच्या परिसरात किंवा सांबऱ्याच्या हवाई दलाच्या तळाजवळ मनाई असते, ती रास्तच आहे. तिथे मोबाईलही बाहेर काढू नये.

या संशयाने नुकसान होते ते आपलेच. बेळगावात शिवजयंती तिथीप्रमाणे वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. गणेशोत्सवाची परंपराही 1905 पासूनची आहे. रात्रीच्या अपुऱ्या उजेडात हलत्या देखाव्याचा, लेझीम खेळणाऱ्या पोरांचा, ढोल-ताशाच्या पथकाचा टिकाऊ फोटो चांगल्या कॅमेऱ्यावरच निघतो. मोबाईलवरचे हजारो फोटो फोन बदलला की नाहीसे होतात. हलशीची देवळे, शहापूरच्या गल्ल्यांतली माडीची जुनी घरे, हातमागाच्या शेवटच्या खोल्या यांची नोंद कोणी तरी मनापासून करत असेल, तर त्याला गुन्हेगारासारखे उभे करून विचारपूस करणे थांबले पाहिजे. ज्यांचे घर लग्नसराईच्या छायाचित्रणावर चालते, त्यांना तर रात्री-अपरात्री बॅग उघडून दाखवावी लागते, आणि आतल्या नाजूक लेन्स कशाही हाताळल्या जातात.

कॅमेरेवाल्यांनीही एक पथ्य पाळावे, असे मला तळमळीने वाटते. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर अंगात आलेल्या बाईच्या चेहऱ्यासमोर लेन्स रोखणाऱ्यांना मी पाहिले आहे. ती प्रदर्शनाची वस्तू नाही. तिथे कॅमेरा खाली घ्यावा.

जिल्हा प्रशासनाने आणि महापालिकेने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक स्मारकाच्या आणि उद्यानाच्या दारावर काय चालते, काय चालत नाही आणि परवानगी कोणाकडे मिळते, हे कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लिहिलेले फलक लावावेत, आणि तेच नियम पहारेकऱ्यांना व मिरवणुकीच्या बंदोबस्तावरील पोलिसांना लेखी द्यावेत. येत्या गणेशोत्सवाच्या आधी हे सहज करता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, शहापूर, बेळगाव