काकूंच्या लुगड्याबद्दल, कुंदाला

प्रिय कुंदे,

तुझ्या आईच्या, आपल्या काकूंच्या, तेरवीनंतर आपलं नीट बोलणं झालंच नाही. फोन होतात, पण तुझ्या मागे कुकरच्या शिट्ट्या आणि माझ्या मागे ह्यांचा टीव्ही. त्यात हे सांगता आलं नसतं. आणि दुसऱ्या कोणाला सांगावं तर त्याला काकूच माहीत नाहीत, मग काय सांगणार? म्हणून वही फाडून लिहायला बसले.

इकडे नवतपा लागलाय. दुपारी छपरीत पाय ठेववत नाही. माझी शुगर आहे तिथेच आहे, ह्यांचा गुडघा तसाच कुरकुरतो. बाकी सगळे बरे.

पल्लवीला सातवा लागला. परवा चंद्रपूरला डोहाळजेवण झालं. ईनबाईंनी, तिच्या सासूनं, हौसेनं केलं, मान द्यायलाच पाहिजे. हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी, पंगतीला पुरणाची पोळी आणि त्यावर तुपाची धार. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी मागच्या खोलीत टेकलो. मी सहज म्हटलं, बाळाचं पहिलं दुपटं मी शिवतेय, माझ्या मैत्रिणीच्या आईचं लुगडं आहे, वांगी रंगाचं, नागपुरी, पोत इतकं मऊ झालंय की गालाला लावलं तरी कळत नाही. त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. म्हणाल्या, "त्या बाई आहेत का?" म्हटलं, नाहीत, दिवाळीच्या आधी गेल्या. तर म्हणाल्या, "मग नाई बाई. मेलेल्या माणसाचं वस्त्र लेकराच्या आंगाले लावत नसतेत. पयलं लेकरू हाय."

मी तिथे काही बोलले नाही. पोटुशी लेक दारात उभी होती. पण तेव्हापासून माझं डोकं त्या एका वाक्याभोवती फिरतंय.

तुला आठवतं ना, आपल्या गावात बाळंतिणीच्या खोलीत नवं कापड जायचंच नाही. पाचवीपर्यंत बाळाला जुन्याच मऊ धोतरात, जुन्याच लुगड्यात गुंडाळायचे. नवं कापड टोचतं, खळीनं अंग सोलवटतं, आणि जुनं घातलं की दृष्टही लागत नाही म्हणायचे. काकू तर गावभरच्या बाळांची दुपटी शिवून द्यायच्या. कोणाच्या घरचं लुगडं कोणाच्या लेकराखाली गेलं ह्याचा हिशेब कधी कोणी ठेवला? त्या गाठोड्यांत काय सगळी जिवंत माणसांचीच लुगडी होती? काकूंच्या सासूचं हिरवं लुगडं तुझ्या धाकट्या भावाच्या दुपट्यात होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि तुझा भाऊ पाहा, आज दारातून आत येत नाही इतका धडधाकट!

माझं शिवणकाम सध्या जोरात आहे, तेही सांगते. वेचणी संपली, घरात कापूस राहिला नाही, कुरड्या-सरगुंडे वाळवून डब्यात गेले, की मृगापर्यंतचा काळ माझा. सकाळी सहाला छपरी सारवलेली, थंड. अस्तर अंथरते, चारी कोपऱ्यांवर वजनाला पितळी गुंड आणि पाट्याचा दगड ठेवते, मधे जुनी लुगडी पसरून हातानं सुरकुत्या मारते. मग लांबलांब कच्चा दोरा घालून सगळं धरून ठेवायचं आणि कोपऱ्यापासून धावदोऱ्याला सुरुवात. काठाकाठानं एक फेरी, मग तिच्या आत एक बोट अंतर सोडून दुसरी, असं फिरत फिरत मधे. काकू म्हणायच्या, "टाका डोयाले दिसला नाई तरी चालते, पण बोटाले लागला पाहिजे." मी अजूनही डोळे मिटून बोट फिरवून पाहते. जिथे बोट घसरतं तिथलं उसवते.

आणि आता मी एकटी नाही. मोबाइलवर गोधडीवाल्या बायांचा आमचा एक गट आहे. नाशिकची एक, बेळगावची एक, यवतमाळच्या दोन निवृत्त शिक्षिका, अमेरिकेत लेकीकडे राहणारी एक अकोल्याची, अशा कितीतरी. कोणी कोणाला भेटलेलं नाही, पण कोणाचा टाका कसा हे सगळ्यांना माहीत. रोज संध्याकाळी जिचा जितका भाग झाला तितका ती दाखवते. मी काठ वाकडा घेतला की बेळगावची लगेच सांगते, आणि ते गोड लागतं. तिनंच एकदा कवंदी दाखवली. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायाही जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, आणि टाका आपल्यासारखाच, कोपऱ्यापासून निघून फिरत फिरत मधे येऊन संपणारा! फक्त चारी कोपऱ्यांना त्या कापडाच्या घड्या घालून तिकोनी फुलं लावतात. मी लगेच माझ्या सतरंजीवजा गोधडीला लावून पाहिली. इतकी शोभली की ह्यांनी ती आल्यागेल्याला बसायला द्यायची नाही असं ठरवलंय.

तर ईनबाईंचं बोलणं मी गटात सांगितलं, नाव-गाव न घेता. निम्म्या म्हणाल्या, त्यांचं मन मोडू नको, दुसरं लुगडं घे. मग अकोल्याचीनं एका गोधडीचा फोटो टाकला, आणि त्याखालची हकिकत वाचून मी ओट्यावरच बसले.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड म्हणून काळ्या लोकांचं गाव आहे. कापसाचं गाव, कुंदे, आपल्यासारखं. त्यांचे पणजे-खापरपणजे त्याच रानात गुलाम म्हणून राबलेले. तिथल्या मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. १९४२ साली तिनं त्याचे शेतावरचे कामाचे कपडे घेतले, फाडले आणि गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेच्या उबेत निजता यावं म्हणून. मुलगी अर्लोन्झिया तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती, तिनं ही गोष्ट पुढे जगाला सांगितली. त्या गावच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर टांगल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. पण मला म्युझियमपेक्षा दुसरंच दिसलं. तिथल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांत, जिथला खिसा उसवून काढला तिथे विजारीचा मूळचा गडद रंग तसाच राहिलेला असतो. बाकी सगळं उन्हानं उडालेलं आणि खिशाएवढा चौकोन नवा. माणूस किती वर्षं उन्हात होता ते त्या चौकोनावरून कळतं.

आता सांग, मेलेल्या माणसाचं वस्त्र अपशकुनी असतं का?

बरं, ईनबाईंच्या देव्हाऱ्याशेजारी गाडगेबाबांचा फोटो आहे, रोज हार घालतात. शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा परटाचा पोर आयुष्यभर अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन फिरला. लोक गोधडेबुवाच म्हणायचे त्यांना. नवस-सायास, भूतबाधा, शकुन-अपशकुन ह्यांवर त्या माणसानं गावोगावी कीर्तनातून किती घणाघात केले. त्यांच्याच फोटोसमोर बसून पुन्हा हेच? पण हे मी त्यांना म्हणणार नाही. त्या वाईट नाहीत. त्यांचा पहिला मुलगा अंगावर पीत असतानाच गेला होता, हे मला पल्लवीनं नंतर सांगितलं. ती भीती चाळीस वर्षं जुनी आहे, तिच्याशी वाद घालून काय होणार? मी जाऊन शेजारी बसेन, हातात दुपटं देईन, हात फिरवायला लावेन. त्यांचं मी निभावून नेते.

पल्लवीचंही नेते. ती म्हणते, "आई, बाजारात किती मऊ ब्लँकेटं मिळतात, कार्टूनची." मिळतात, पण सगळी पॉलिस्टर. श्रावणातल्या उकाड्यात लेकराच्या पाठीवर घामोळं उठलं की मग मलाच फोन येईल. आजकाल जुनं सुती लुगडं मिळणंही कठीण झालंय. बाया टेरिकॉटच्या साड्या नेसतात, त्यात सुई सरकते, टाका बसत नाही आणि घाम टिपला जात नाही. आमच्या गावात सुती नऊवारी नेसणाऱ्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. माझ्याकडे चांगल्या सुताचं, इतकी वर्षं धुतलेलं, एवढंच एक लुगडं आहे.

अडलंय ते तुझ्यापाशी.

तू ते मला दिलंस तेव्हा फक्त "घे" म्हणालीस. तुझ्या वहिनी गाठोडं उपसत होत्या, तू वळकटीतून ते ओढलंस आणि माझ्या पिशवीत कोंबलंस. ठेवायला दिलंस की शिवायला, ते तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही, ती वेळ विचारायची नव्हती. तेव्हापासून ते माझ्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात आहे. तुझ्याकडे काकूंचं दुसरं काय राहिलं मला ठाऊक नाही. पाटल्या वहिनींकडे गेल्या, फोटो भावाकडे. कात्री लावली की लावली, परत जोडता यायचं नाही. तू उद्या आलीस, म्हणालीस, शोभे, एकदा दाखव, आणि मी तुला तीन पदरी दुपटं दाखवलं, तर?

काल मी ते उजेडात धरलं. मधला भाग इतका विरलाय की पलीकडचा तुळशीचा ओटा दिसत होता. पदर मात्र धड आहे, काठ तर कोरा वाटावा असा. उलगडत गेले आणि एका जागी बोट अडकलं. उलटं करून पाहिलं तर दंड घातलेला! काकूंनीच. कधीतरी मधला फाटका भाग कापून टाकला आणि दोन्ही तुकडे जोडून घेतले. टाके इतके बारीक की सुलट बाजूनं सांगितल्याशिवाय दिसायचे नाहीत, पण बोटाला लागतात. म्हणजे ह्या लुगड्याला कात्री आधी त्यांनीच लावली होती, आणि त्यानंतर ते कितीतरी वर्षं नेसल्या. मी त्या शिवणीवरून बराच वेळ बोट फिरवत बसले.

तू होकार दिलास तर ती दंडाची शिवण मी कापणार नाही. ती दुपट्याच्या बरोबर मधे घेईन आणि माझे टाके तिच्याभोवती फिरवीन. काठाची एक वीत तुझ्यासाठी बाजूला काढेन, तू पोथीला बांध नाहीतर उशाशी ठेव. आणि नको म्हणालीस तर लुगडं घडी मोडून परत घडी घालून तुझ्याकडे पोचवेन, अजिबात वाईट वाटणार नाही. पण खरं खरं सांग. सातवीत शिवणाच्या तासाला माझा भरतकामाचा रुमाल आपला म्हणून बाईंना दाखवलास आणि शंभरातले ब्याऐंशी मार्क घेतलेस, तेव्हासारखं तोंड फिरवून "मला काय माहीत" म्हणू नकोस! त्या वेळी काकूंनी तुझा कान धरला होता आणि नंतर दोघींनाही गूळ-शेंगदाणे दिले होते. मार्क मात्र तुझेच राहिले, ते मी अजून विसरलेले नाही.

तुझं कसं चाललंय? भाऊजी रिटायर झाल्यावर घरात किती लुडबुड करतात ते कळव. हैदराबादच्या पोराचं लग्न जमतंय असं वहिनी म्हणत होत्या, खरं का? पाठीचं दुखणं डॉक्टरला दाखवलंस ना? दाखव.

मृग लागला की पेरणीत हात गुंतले, मग सुई धरायला दिवाळीच उजाडेल. पल्लवी आषाढी लागायच्या आत इकडे येतेय. म्हणून पत्र मिळाल्या दिवशीच फोन कर, आणि हे शेतावर असतात तेव्हा, अकराच्या सुमाराला कर, म्हणजे बोलता येईल. अस्तराला पांढरं मांजरपाट आणून धुऊन ठेवलंय. जाड सुती दोऱ्याचं पांढरं रीळ इकडे आर्वीत मनासारखं मिळत नाही, नागपुरात इतवारीत गेलीस तर दोन घेऊन ठेव. लुगडं परत पाठवायचं ठरलं तरी रीळ लागणारच आहे.

तुझी,
शोभी

ता. क. लोणच्याच्या कैऱ्या उतरवल्या आहेत. तुझी बरणी भरून ठेवतेय, मोहरी कमी घालून.