नमुना उत्तरे नकोत, कथा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आली की आपल्या विद्यार्थी पुरवणीत कथांवरची नमुना उत्तरे येऊ लागतात. मध्यवर्ती कल्पना दोन ओळींत, खाली प्रतीकांची यादी: शेकोटी म्हणजे आशा, घोंगडी म्हणजे सुरक्षितता. आमच्या खेड्यातली मुले ती पाठ करतात, त्यांना गुणही मिळतात. कथा वाचायची मात्र राहूनच जाते, याची मला फार खंत वाटते.

प्रेमचंदांची 'पूस की रात' (१९३०) घ्या. घोंगडीसाठी जमवलेले तीन रुपये हल्कू देणे वसूल करायला आलेल्या सहनाच्या हातावर ठेवतो आणि पौषाच्या थंडीत जबरा नावाच्या कुत्र्याला घेऊन शेत राखायला जातो. रात्री नीलगायींचा कळप, म्हणजे आपले रोही, शेत फस्त करतो. तुरीत नाहीतर हरभऱ्यात रोही शिरले की काय होते, हे इथल्या पोरांना सांगावे लागत नाही. घरातले कोणी ना कोणी जागलीला गेलेले असतेच. तरी उत्तर ठरलेले: 'लेखकाने शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे हृदयद्रावक चित्रण केले आहे.'

शेवट नीट वाचावा. शेत उजाड झाले आहे, आता मजुरी करून शेतसारा भरावा लागेल म्हणून त्याची बायको मुन्नी उदास आहे, आणि हल्कू खूश आहे. रात्री थंडीत इथे झोपावे तर लागणार नाही, असे तो म्हणतो. कथा तिथेच संपते. लेखक हळहळत नाही, हल्कूला बोल लावत नाही. कथेचा सूर तो हा, आणि 'हृदयद्रावक' म्हटले की तोच हातचा जातो.

आमच्या वाचनालयात ही कथा मुलांसोबत मोठ्याने वाचली, तेव्हा दहावीतली एक मुलगी मध्येच म्हणाली, "काका, पोट दुखत होतं म्हणून हा खोटं सांगून राह्यला. त्याले ऐकू आलं होतं." बरोबर आहे. रात्री पोट दुखत होते, असे हल्कू सकाळी मुन्नीला सांगतो; पण जनावरे चरल्याचा आवाज त्याने ऐकला होता. तो उठून दोन-तीन पावले गेलाही होता. झोंबरा वारा लागला तसा परत येऊन शेकोटीच्या राखेपाशी बसला. जबरा तिकडे भुंकून जीव काढत होता. जागा असलेला माणूस आपले पीक वाचवायला उठत नाही, ही नुसत्या गरिबीची गोष्ट नाही. मरमर राबून पिकवायचे ते देणे फेडायलाच, तर शेती सोडून का देत नाही, असे मुन्नीने सुरुवातीलाच विचारलेले असते. माझ्या मते सगळी कथा त्या सवालावर उभी आहे.

प्रतीकांचेही तेच. इथली शेकोटी हल्कूला ऊब देते आणि तीच त्याला जागचे हलू देत नाही. प्रेमचंदांच्याच 'कफन' या कथेत बाप-लेक विझलेल्या शेकोटीपुढे बसून भाजलेले बटाटे खातात, आत सून बाळंतवेणांनी तडफडत असते. 'शेकोटी म्हणजे आशा' इथे कसे बसवायचे?

कास्तकाराच्या लेकरांना यातले कितीतरी घरूनच ठाऊक असते. ते उत्तरपत्रिकेत लिहिता येते, एवढेच त्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून विनंती अशी, की पुरवणीत महिन्यातून एक जुनी कथा पूर्ण छापावी. खाली चार प्रश्न द्यावेत, उत्तरे देऊ नयेत. मुलांनी लिहून पाठवलेल्यातले निवडक पुढच्या महिन्यात छापावे. आमच्याकडून पहिल्याच महिन्यात पत्रे येतील.

आपला,
एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ