घास अडकतो म्हणजे दरवेळी ॲसिडिटीच असते असं नाही

प्रिय मंद्या,

पत्र वाचलं तुझं. घास छातीत अडकतो, पाणी पण अडकतं, रात्री आडवा झालास की न पचलेलं अन्न घशाशी येतं, आणि दुर्बीण नॉर्मल आली म्हणून परत त्याच ॲसिडिटीच्या गोळ्या! अरे मी दिवसभर हेच तर बघते. सुरुवातीपासून पाणीसुद्धा अडकत असेल तर अन्ननलिकेत गाठ असण्यापेक्षा तिच्या हालचालीत गडबड असण्याची शक्यता जास्त, आणि ती गडबड दुर्बिणीत बऱ्याचदा दिसतच नाही.

मला संशय ॲकॅलेशियाचा आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंची कडी असते, गिळलं की ती सैल पडायला हवी, पण तिला सैल सोडणाऱ्या नसा मेलेल्या असतात, मग ती मिटूनच बसते. तू मॅनोमेट्रीचं, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायच्या तपासणीचं विचार. नाकातून बारीक नळी घालतात, तिच्यावर सेन्सर असतात, आणि तुला पाच-पाच मिली पाण्याचे दहा घोट गिळायला लावतात (नळी आत जाताना जाम ओकारी येते, खोटं कशाला सांगू, पण मग बसते). स्क्रीनवर दाब रंगात दिसतो, लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी. निरोगी माणसात घोटासोबत एक तिरका लाल पट्टा खाली सरकतो आणि खालची कडी निळी होते. ॲकॅलेशियात ती निळी होतच नाही, आणि त्याच्या तीन टाइपांपैकी टाइप २ असेल तर पूर्ण अन्ननलिकेत एकदम उभा दाब चढतो. हा टाइप नक्की विचारून घे, उपचार त्यावरच ठरतो आणि टाइप २ ला सगळ्यात चांगला गुण येतो.

उपचार म्हणशील तर फुग्याने ती कडी ताणणं, हेलरचं ऑपरेशन (पोटातून जाऊन कडीचा स्नायू बाहेरून कापतात, हे 1913 पासून चालत आलंय) आणि पोएम. पोएम 2008 मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी पहिल्यांदा केलं, तोंडावाटे दुर्बीण घालून नळीच्या अस्तराखाली बोगदा करतात आणि आतून स्नायू कापतात, पोटावर टाका नाही. 2019 च्या एका ट्रायलमध्ये दोन वर्षांनी पोएमचं यश 83% आणि हेलरचं 81.7%, म्हणजे सारखंच, पण दुर्बिणीत ॲसिडने नळी सोललेली दिसली ती पोएमवाल्या 44% आणि हेलरवाल्या 29% लोकांत. म्हणून "टाका नाही" ऐकून लगेच हुरळून जाऊ नकोस, नंतर ॲसिडिटीच्या गोळ्या खरंच लागू शकतात. आणि मेलेल्या नसा यातल्या कशानेच परत येत नाहीत, फक्त वाट मोकळी होते.

अजून एक, दुर्बिणीत बायोप्सी घेतली होती का ते रिपोर्टात बघ. इओसिनोफिलिक इसोफेजायटिसमध्ये (अन्ननलिकेला ॲलर्जीसारखी सूज येते त्यात) पण घास अडकतो, नळी वरून नॉर्मल दिसू शकते, आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं आहे, 2022 पासून अमेरिकेत डुपिलुमॅब इंजेक्शनला पण मंजुरी आहे.

तोवर उशाकडून पलंग उंच कर, झोपायच्या आधी तीन-चार तास काही खाऊ नकोस. मॅनोमेट्रीच्या आधी सांगतील तेवढा वेळ कडक उपाशी राहा, तुझ्या नळीत अन्न साचत असणार, ते श्वासनलिकेत गेलं तर नसती आफत. रिपोर्ट आला की आलेखाच्या पानासकट पाठव, नुसता शेवटचा निष्कर्ष नको.

तुझी,
वैजू