अक्का, शहापूरचं आमचं घर तुम्ही विकून दिलंत

ती. अक्कांस,
सप्रेम नमस्कार.

खरेदी झाली त्या दिवशी सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या पायऱ्यांवर मी आभार मानायला लागलो, तेव्हा तुम्ही "असू दे हो भाऊ, आधी चहा घ्या" म्हणून विषयच बदललात. फोनवरही तेच केलंत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण खासबागच्या बाजूला घरांचे व्यवहार करणाऱ्या अक्का म्हटलं की आपल्या धंद्यातली माणसं ओळखतीलच.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी बेळगावात बावीस वर्षं इस्टेट एजंट आहे. अनगोळपासून कंग्राळीपर्यंत किती घरं, किती साईट, किती शेतं या हातून गेली, त्याचा हिशेब नाही. बायकोच्या गुडघ्यांना आमचा तो उभा लाकडी जिना झेपेना, म्हणून टिळकवाडीत फ्लॅट घेतला. शहापूरचं घर तीन-चार महिन्यांत जाईल असं धरून चाललो होतो. २०२४ च्या पाडव्याला घर विकायला काढलं आणि पुढचा पाडवा आला तरी ते तसंच. फ्लॅटचा महिन्याला ३८ हजारांचा हप्ता चालू, घरपट्टी चालू, आणि बंद घराला पावसाळ्यात ओल धरायला लागलेली. दुसऱ्यांची घरं विकणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर विकलं जात नाही, ही गोष्ट रात्री झोपू देत नाही. घरी बायकोसमोर मी तो विषयच काढत नसे.

धंद्यातली माणसं विचारायची, "काय झालं हो तुमच्या घराचं?" मी म्हणायचो, "बोलणी चालू आहेत." बोलणी कसली! गिऱ्हाईक यायचं, मालक आणि एजंट एकच हे कळलं की त्याच्या मनात पाल चुकचुकायची. हा माणूस रोज घरं विकतो आणि याचंच पडून आहे, म्हणजे कागदात काहीतरी भानगड असणार. आपल्यातले दुसरे एजंट गिऱ्हाईक आणायला तयार नव्हते, कारण मी त्यांना पूर्ण कमिशन द्यायला मागेपुढे करत होतो. हे मी आज मोकळेपणाने लिहू शकतो. तेव्हा मला त्यांचाच राग यायचा.

आणि भाव. मी ९५ लाख सांगत होतो. आमच्यापासून चार घरं सोडून पलीकडचं घर मीच विकून दिलं होतं, त्या मालकाला गल्लीतला चालू दर काय हे मीच समजावलं होतं. तोच दर माझ्या घराला लावायचा म्हटलं की हिशेब जमत नसे. आजोबांनी घेतलेलं घर, बाबांनी वर चढवलेला मजला, परड्यातला आड, आईने लावलेला कढीपत्ता. या सगळ्याची किंमत मी चौरस फुटात मिसळत होतो.

२०२५ च्या श्रावणात एक चांगलं गिऱ्हाईक आलं. ८० लाखांना तयार. मी ८६ वर अडून बसलो. "गणपती होऊ देत, मग बघू," असं सांगून पाठवलं. गणपती बसलेले असतानाच, ३१ ऑगस्टपासून, कर्नाटक सरकारने नोंदणी फी एक टक्क्याची दोन टक्के केली. ८० लाखांवर सरळ ८० हजारांचा जादा खर्च. त्या माणसाने फोन करून शांतपणे सांगितलं, "आता नाही जमणार." पाठोपाठ पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात कुणी घर बघायलाही बाहेर पडत नाही, हे आपल्याला माहीतच आहे.

त्या पितृपक्षात तुम्ही आलात, अक्का. मी बोलावलं नव्हतं. दुसऱ्याच कसल्या तरी उताऱ्यासाठी माझ्या ऑफिसात आला होतात. उठता उठता म्हणालात, "भाऊ, तुमच्या घराची किल्ली द्या. आणि तुम्हीही चला."

तुम्ही पिशवीतून टेप काढलात, वही काढलीत आणि अगदी अनोळखी घरात शिरल्यासारख्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, शिरलात. मी बोलायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलंत. पाऊण तास तुम्ही मापं घेत होतात, भिंतींना हात लावून बघत होतात, नळ सोडून बघत होतात. मग मला सोप्यात बसवून वहीतलं वाचून दाखवलंत. गल्लीत चारचाकी उभी राहत नाही. माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीला ओल. जिना म्हाताऱ्या माणसाचा नाही. मग चांगल्या बाजूचंही तितकंच सविस्तर: आडाला पाणी, सागवानी तुळ्या धडधाकट, शाळा आणि बाजार पायी अंतरावर. शेवटी आकडा सांगितलात, ७८ ते ८०.

"सोनारानेच कान टोचावे" म्हणतात. नात्यातल्या चौघांनी मला हेच सांगितलं होतं. त्यांना यातलं काय कळतं, असं म्हणून मी उडवून लावलं. तुम्हाला तसं म्हणता येईना. मी बाबांबद्दल काहीतरी सांगायला लागलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते तुमच्याजवळच राहणार आहे भाऊ, ते विकायला काढलेलं नाही."

मग कागद. इथे मला खरी लाज वाटते. आलेल्या प्रत्येक माणसाला मी सांगत होतो, आधी वारसाची नोंद करून घ्या, ई-खाता म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा करून घ्या, मग गिऱ्हाईक शोधा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ई-खात्याशिवाय आपल्याकडे खरेदी नोंदच होत नाही. आणि माझ्या घरावर अजून आजोबांचं नाव! कारण वारसा लावायचा म्हणजे आत्याकडे जायला हवं होतं. बाबांच्या बाराव्यानंतर मी इचलकरंजीला तिच्याकडे फिरकलो नव्हतो. इतक्या वर्षांनी जाऊन हक्कसोडपत्राला सही दे म्हणायचं कसं, म्हणून मी तो विषय पुढे ढकलत होतो, आणि बाहेर सांगत होतो की कागद तयार होताहेत.

तुम्ही म्हणालात, "सहीला जायचं नाही. भेटायला जायचं. आणि हिस्सा विचारायचा. नको म्हणाल्या तर त्यांची मर्जी, पण विचारायचंच नाही हे बरोबर नाही." माझ्याबरोबर एसटीत बसून तुम्ही इचलकरंजीला आलात. तुमचा एक दिवस मोडला. आत्याशी पहिला तासभर तुम्हीच बोललात, मी खाली मान घालून बसलो होतो.

आत्याने नातीच्या शिक्षणासाठी तीन लाख मागितले, आणि आणखी एक गोष्ट. "दादाचा माग होता तो खड्डा एकदा बघायचाय."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. आमच्या सोप्यात बाबांचा खड्ड्याचा माग होता. विणकर काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर. माग मोडला तेव्हा बाबांनी खड्ड्यावर शहाबादी फरशी टाकली. त्या फरशीवर पाय पडला की पोकळ आवाज येतो, गिऱ्हाईक दचकतं, आणि मी प्रत्येकाला वीस-वीस मिनिटं मागाचा इतिहास सांगत बसायचो. लोक माना डोलवायचे आणि परत यायचे नाहीत.

तुम्ही दोन गडी लावून फरशी उचलून घेतलीत, खड्डा झाडून काढलात. आत्या आली. हात धरून तिला काठावर बसवलं, आणि तिने पाय आत सोडले. लहानपणी ती बाबांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. बसल्या बसल्या तिचा उजवा हात आपोआप मागाचा धोटा फेकल्यासारखा हलला, दोनदा. कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "खोली कमी झालीय, की माझेच पाय लांब झालेत?" आणि सहीसाठी पेन मागितलं. बाबा गेल्यावर मी रडलो नव्हतो, अक्का. त्या दिवशी परड्यात आडाजवळ जाऊन रडलो. तुम्ही बघितलंत आणि आत आत्याशी बोलत राहिलात. त्याबद्दलही आभार.

फरशी तुम्ही परत टाकू दिली नाहीत. "दिसू दे. जे दिसतं त्याची भीती वाटत नाही."

आजोबांच्या मूळ दस्ताचं कामही तुम्हीच निस्तरलंत. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, त्यामुळे स्टॅम्प सांगलीचा आणि लिखाण मोडीत. बँकेच्या वकिलांना ते वाचता येईना, मलाही कधी आलं नव्हतं. तुम्ही वडगावातल्या एका निवृत्त गुरुजींना गाठलंत. त्यांनी चतुःसीमा वाचली तेव्हा मागच्या बोळावर आमची जाण्यायेण्याची वहिवाट लिहिलेली निघाली. इतकी वर्षं कपाटात पडलेला कागद! गल्लीत गाडी राहत नाही म्हणून जे अडत होतं, ते निदान दुचाकीपुरतं सुटलं.

दसऱ्यापासून तुम्ही घर दाखवायला लागलात, आणि एकच अट घातलीत: मी तिथे यायचं नाही. मी नाथ पै सर्कलला चहाच्या टपरीवर बसून राहायचो. घर माझं, गिऱ्हाईक माझ्या घरात, आणि मी तिथे नाही. पहिल्या दोन वेळा तर अर्ध्यावर चालत आलो आणि परत फिरलो. अट अवघड होती, पण ती तुम्ही घातलीत म्हणूनच गिऱ्हाइकांना भिंतीच्या ओलीबद्दल मोकळेपणाने विचारता आलं. माझ्यासमोर कोण विचारणार होतं?

चंदगड तालुक्यातून आलेलं ते जोडपं, नवरा उद्यमबागेत कामाला. त्याने खड्ड्याकडे बघून विचारलं, "हे काय आहे?" तुम्ही म्हणालात, "इथे हातमाग होता." एवढंच. त्यांनी आपसात बोलून घेतलं, दुसऱ्या रविवारी आईवडिलांना घेऊन आले. दिवाळीच्या पाडव्याला संचकार, म्हणजे विसार देऊन करार, झाला, मार्गशीर्षात खरेदी. ७९ लाख. श्रावणात मी नको म्हटलेल्यापेक्षा एक लाख कमी, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

कमिशन तुम्ही पूर्ण घेतलंत, दोन्हीकडचं. सुरुवातीला मला वाटलं होतं, धंद्यातल्या माणसाकडून घेतील का? तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, "फुकट सांगितलेलं तुम्ही ऐकणार नाही." खरं आहे. मी ते पैसे देताना मोजून दिले आणि मनापासून दिले. त्या दिवसापासून माझ्याकडे कमिशनवरून घासाघीस करणाऱ्या माणसाशी मी वेगळ्या तऱ्हेने बोलतो. आणि घर विकायला काढलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे आधी बघतो. बावीस वर्षं मी त्यांना हट्टी म्हणत आलो.

आपल्या धंद्यात बाई म्हटलं की अजूनही काही जण म्हणतात, या काय घर विकणार, या काय कोर्ट-कचेरी बघणार. ज्यांना तसं वाटतं त्यांनी माझ्याकडे यावं. मी सांगेन.

परवा आत्याचा फोन आला होता. पहिला प्रश्न, "त्या अक्का कशा आहेत?" तिने तुमच्यासाठी शेंगाचटणीचा डबा आणि एक इरकली खण पाठवलाय. तीन दिवस माझ्या टेबलावर आहे. या बाजूला आलात की चहाला या आणि घेऊन जा.

आपला,
शहापूरचा भाऊ