दोरीवर उतरण्याआधी: मित्रास पत्र

मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप काल मिळाला. पुण्यात खराडीतल्या उंच इमारतींच्या काचा पुसण्याचे काम तुला मिळाले आहे आणि सोमवारपासून तू दोरीवर उतरणार आहेस, हे कळल्यावर आनंद झाला, पण रात्री झोप मात्र नीट लागली नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात आणि लोअर परळला मी इतकी वर्षे हेच काम केले आणि आता गच्चीवर उभे राहून इतरांना खाली सोडण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. त्यामुळे फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा सगळे सविस्तर लिहून पाठवावे, असे ठरवले. माझे सांगणे मुख्यतः एकच आहे. दोरीवर लटकलेल्या माणसाच्या जिवाचा निर्णय बहुतेक वेळा तो कठड्याच्या आत असतानाच झालेला असतो, म्हणून गच्चीवरच्या तयारीचा वेळ कोणालाही कापू देऊ नकोस.

सर्वांत आधी दोऱ्या मोज. प्रत्येक माणसाला दोन दोऱ्या हव्यात: एक कामाची, जिच्यावर डिसेंडर, म्हणजे उतरण्याचा वेग आवरणारे साधन, लावून आपण उतरतो, आणि दुसरी जीवरक्षक, जिला आपण लाइफलाइन म्हणतो. दुसऱ्या दोरीवरचा रोप ग्रॅब, म्हणजे झटका बसताच दोरीला पकडणारा चाप, हार्नेसच्या (अंगाभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या साजाच्या) छातीवरच्या किंवा पाठीवरच्या कडीला जोडलेला असतो आणि तो नेहमी खांद्याच्या वर ठेवायचा असतो, म्हणजे कामाची दोरी सुटली तरी शरीर फारसे खाली न जाता थांबते. अनेक ठिकाणी लाकडी फळीचा झुला एकाच दोरीवर सोडतात आणि कमरेचा बेल्टही त्याच दोरीला अडकवतात. ती दोरी गेली की झुला आणि बेल्ट दोन्ही एकदमच जातात. असा झुला समोर आला तर त्यावर पाय ठेवू नकोस, मग शेजारचा माणूस कितीही वर्षे त्यावर बसत आलेला असो.

दोन्ही दोऱ्या दोन स्वतंत्र आधारांना बांधलेल्या असल्या पाहिजेत. दोरीवरच्या कामाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एका आधाराने १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टन वजनाइतका ताण सोसावा अशी अपेक्षा असते. एसीच्या बाहेरच्या युनिटची चौकट, पाण्याचा पाइप, डिश अँटेनाचा खांब किंवा गंजलेली रेलिंग यांपैकी कशाचाही तेवढा भरवसा देता येत नाही. लिफ्टच्या मशीन-रूमचा काँक्रीटचा खांब किंवा त्यासाठीच बसवलेले, तपासणीची तारीख लिहिलेले अँकर, म्हणजे दोरी बांधायच्या पक्क्या कड्या, शोध. त्यानंतर दोरी जिथे कठड्यावरून वळते तिथे हात फिरवून बघ. ॲल्युमिनियमच्या पट्टीची कड किंवा ग्रॅनाइटची न घासलेली धार ताणलेल्या दोरीला सुरीसारखी कापते, आणि आपण खाली डावी-उजवीकडे सरकतो तेव्हा वर दोरी त्याच जागी घासत असते. तिथे रोलर किंवा जाड कॅनव्हासचे आवरण असल्याशिवाय उतरायचे नाही. दोरीच्या खालच्या टोकाला गाठ आहे का, तेही स्वतः बघ. दोरी जमिनीपर्यंत पोचत नसेल तर उतरता उतरता माणूस टोकावरून सुटून जाऊ शकतो आणि ते टाळायला एक गाठ पुरते.

हार्नेस अंगात घालण्यापूर्वी उजेडात धरून तपास. शिवणीचे धागे सुटले आहेत का, पट्टी कुठे कडक किंवा चकचकीत झाली आहे का, बकल पूर्ण अडकते का, हे बोटांनी चाचपायचे असते. नुसती नजर टाकून ते कळत नाही. आतल्या लेबलावर भारतीय मानक आय. एस. ३५२१ हा क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असायला हवी. लेबल पुसून गेले असेल किंवा त्या हार्नेसने एकदा पडणाऱ्या माणसाचा झटका सोसला असेल, तर तो नवा दिसत असला तरी बाद समजायचा. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. दोन मीटरची लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला आधाराशी जोडणारी पट्टी, पायाजवळच्या आधाराला अडकवली, तर पडणारा माणूस थांबेपर्यंत आणि लॅनयार्डमधला धक्का शोषणारा भाग उलगडेपर्यंत खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. म्हणून पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर उभा असलेला माणूस पट्टा लावूनही जमिनीवर आदळू शकतो. तिथे लॅनयार्ड आखूड हवी आणि आधार डोक्याच्या वर हवा. कमी उंचीचे काम म्हणून निष्काळजी राहू नकोस, शिडीवरसुद्धा नाही. शिडीचा पाया चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने भिंतीपासून लांब ठेवायचा आणि खाली एक माणूस धरून उभा ठेवायचा.

आता ॲसिडबद्दल लिहितो, कारण पुण्यात तुला ते रोज भेटेल. बोअरिंगच्या आणि टँकरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग साध्या साबणाने निघत नाहीत, म्हणून ठेकेदार बिनलेबलच्या कॅनमधून डाग काढण्याचे औषध देतात. त्यात हायड्रोक्लोरिक किंवा त्याहून घातक हायड्रोफ्लोरिक ॲसिड असू शकते. हायड्रोफ्लोरिकचे सौम्य द्रावण अंगावर पडले तर सुरुवातीला आग होत नाही, कित्येक तासांनी वेदना सुरू होतात आणि तोवर ते मांसात खोल गेलेले असते. हातमोजे आणि गॉगल तर हवेतच, पण दोरीचेही भान ठेव. दोऱ्या बहुधा नायलॉनच्या असतात आणि नायलॉनला ॲसिड आतून कुजवते, बाहेरून काही दिसत नाही. बादलीतले ॲसिडचे पाणी दोरीवर सांडले की ती दोरी बाजूला काढून सुपरवायझरला दाखव. ॲसिड आणि ब्लीच एका बादलीत कधीही मिसळू नकोस, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

हवेकडे लक्ष ठेवायचे ते वेगळेच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पुण्यात वळवाचे ढग किती झपाट्याने चढतात हे तुला मी सांगायला नको. सकाळी लवकर उतर आणि दुपार चढायच्या आत उंचावरचे काम उरक. खाली लोंबणारी दोरी भिंतीपासून सुटून हेलकावे घेऊ लागली, तर ती एखाद्या ग्रिलमध्ये अडकेपर्यंत थांबू नकोस, शिट्टी वाजवून वर कळव आणि काम थांबव. विजा दिसल्या तर विचारायचेही कारण नाही. उतरण्याआधी संपूर्ण दर्शनी भिंत खालून नीट न्याहाळ. उंच इमारतींच्या छज्ज्यांखाली आग्या मोहोळ हमखास असते आणि पाण्याच्या फवाऱ्याने किंवा औषधाच्या वासाने माश्या उठल्या, तर दोरीवरच्या माणसाला पळायला जागा नसते. पोळे दिसले की जाणकार माणसाकडून ते हटवेपर्यंत त्या बाजूला उतरायचे नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी शेवटी ठेवला आहे, तो तू पहिल्याच दिवशी विचार: मी दोरीवर बेशुद्ध पडलो तर मला खाली कोण आणि कसे आणणार? हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांत त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. अग्निशमन दलाला बोलवायचेच, पण तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही. म्हणून गच्चीवर सुटकेची वेगळी दोरी आणि ती वापरता येणारा माणूस, खाली दोरखंडाने बंद केलेली जागा आणि तिथे दुसरा माणूस, हे सगळे काम सुरू होण्याआधी तयार हवे. तू शुद्धीवर असून अडकलास, तर पाय सतत हलवत राहा किंवा दोरीच्या फासात पाऊल घालून त्यावर भार दे.

हे विचारल्यावर ठेकेदार कदाचित म्हणेल, जमत नसेल तर दुसरा माणूस आणतो. त्या वेळी घरचे हप्ते डोळ्यांपुढे येतात, ते मला माहीत आहे. तरीही नाही म्हण. एखाद्या दिवसाची हजेरी बुडाली तर मी पैसे पाठवीन, त्यात संकोच करू नकोस. आणि ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नाव पहिल्याच दिवशी घालायला लाव. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती योजना लागू होते आणि कामावरच्या अपघाताचे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते. तीन महिन्यांनी बघू, हे उत्तर मान्य करू नकोस.

रविवारी तू साइटवर जाणार आहेस, तेव्हा हार्नेसच्या लेबलाचा, दोन्ही आधारांचा आणि कठड्याच्या कडेचा फोटो मला पाठव. त्यात काही खटकले तर मी तुझ्या सुपरवायझरशी स्वतः बोलेन, आणि गरज पडली तर पहाटेच्या गाडीने पुण्याला येईन. माझे उत्तर आल्याशिवाय सोमवारी उतरू नकोस. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जिवलग मित्र